कार्डाची मागची बाजू

दुसरीच्या बाईंना घरात सगळे धाकटी म्हणत. थोरल्या जाऊबाई आधीपासून घरात होत्या, म्हणून ही धाकटी. आता कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागले तरी धाकटीच. शाळेत मात्र तिचा दरारा होता. मुलांवर नव्हे, मुलं तर तिच्या खुर्चीच्या पायाशी लोळत असत. दरारा होता तो आईबापांवर.

शाळेत कुठल्याही वर्गातल्या मुलाला वाचता येत नसलं, की ते त्याच्या आईबापांना सांगायचं काम फिरून फिरून धाकटीच्या गळ्यात पडे. बाकीच्या बाई हुशार. “तुम्हाला छान जमतं हो,” म्हणायचं आणि आपण चहाला निघून जायचं. आणि तिला खरंच जमायचं. तिची एक रीत होती. व्हरांड्यात, फाटकाशी, जाता जाता असं ती कधी सांगत नसे. आईबापांना रिकाम्या वर्गात न्यायची, मुलांच्या बुटक्या बाकावर बसवायची आणि स्वतःही समोरच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसायची. दार ओढून घ्यायची. मूल बाहेर झोक्यावर. आधी त्या मुलाची एक चांगली गोष्ट सांगायची, आणि ती खरी असायची. मग सरळ म्हणायची, “त्याला वाचता येत नाही.”

जरा कच्चा आहे, थोडा मागे आहे, लक्ष नसतं, ही गुळमुळीत भाषा तिला खपत नसे. “गुळमुळीत सांगितलं की आईबाप सुटलो म्हणून घरी जातात आणि पोर तिथंच राहतं,” असं ती नव्या बाईंना बजावे.

आईबापांची उत्तरंही तिला तोंडपाठ झाली होती. “घरी तर धडाधड वाचतो.” “माझंही असंच होतं, पुढे सुधारलं.” “हिच्या माहेरचं वळण, दुसरं काय!” आणि सगळ्यात शेवटी, “डोळ्यांचं काही असेल का हो?” हे ऐकलं की धाकटी ओठ घट्ट मिटून हसू दाबायची. कारण डोळ्यांचं असलं तर ते गिऱ्हाईक चालत तिच्याच घराखाली येणार होतं. तिच्या थोरल्या दिरांचं चष्म्याचं दुकान होतं. दुकान खाली, घर वर, आणि दोघांना जोडणारा एक अरुंद लाकडी जिना. वरच्या खोलीत कोणी शिंकलं तरी खाली गिऱ्हाईक दचकायचं.

त्या घरात माणसं मोजकीच. दीर, ज्यांना ती भाऊजी म्हणे, जाऊबाई, तिचा नवरा, जो लोकांचे फ्रीज दुरुस्त करत हिंडे आणि घरी आला की स्वतःच फ्रीजसारखा गार आणि गप्प असे, आणि दिरांची एकुलती एक मुलगी, भिंगरी. हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हतं. एका जागी ठरत नसे म्हणून पडलेलं नाव, आणि ती त्यालाच ओ देई. धाकटीला मूल नव्हतं. त्याबद्दल घरात कोणी उघड बोलत नसे, आणि बोलत नसत म्हणूनच ते सगळीकडे असे. भिंगरी मात्र जन्मल्यापासून अर्धी आईच्या कडेवर आणि अर्धी काकूच्या मांडीवर वाढली.

ती दुसरीत आली तेव्हा भाऊजी स्वतः शाळेच्या मोठ्या बाईंना भेटून आले. “घरचीच बाई असताना पोर दुसऱ्या तुकडीत कशाला?” मोठ्या बाईंनी मान डोलावली. धाकटीला कोणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तरी तिनं आनंदानं होच म्हटलं असतं.

आणि पोर दृष्ट लागण्यासारखी वाचायची. पाहुणे आले की जाऊबाई म्हणायच्या, “भिंगरे, वाचून दाखव गं.” भिंगरी पुस्तक छातीसमोर धरून उभी राहायची, बोट ओळीवरून फिरवायची आणि घडाघडा वाचायची, पूर्णविरामाला थांबायची, प्रश्नचिन्हाला आवाज वर न्यायची. पाहुणे थक्क. जाऊबाई काही आपमतलबी नव्हत्या. सगळं श्रेय सढळ हातानं धाकटीला द्यायच्या. “काकूच्या हाताखाली आहे ना! रात्रंदिवस मेहनत घेते तिच्यावर.” असं कौतुक झालं की धाकटीची मान नव्या नवरीसारखी खाली जायची, पण मनातून ती फुलून यायची. खोटं कशाला बोला!

मग एका सकाळी वर्गात तो डिंकाचा घोटाळा झाला.

चित्रं चिकटवण्याचा तास नुकताच संपला होता आणि अर्ध्या वर्गाच्या पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटून बसली होती. धाकटीनं भिंगरीला धडा वाचायला उभं केलं. वाऱ्यानं म्हाताऱ्याची टोपी उडवली, तो धडा. भिंगरी खणखणीत आवाजात सुरू झाली. तिला ताठ उभी राहा असं सांगायला धाकटी मागे गेली आणि सहज तिच्या पुस्तकात डोकावली. पानं चिकटलेली. उघडं होतं ते पान भलतंच, पोस्टमनच्या सायकलीचं. भिंगरीचं बोट पोस्टमनच्या सायकलीवरून चाललं होतं आणि तोंडानं वाऱ्यानं टोपी उडवली होती.

धाकटीला आधी हसूच आलं. लबाड कार्टी! पाठ केलंन वाटतं, म्हणून तिनं सोडून दिलं. पण संध्याकाळपर्यंत ते बोट तिच्या डोळ्यांपुढून हलेना. घरी तिनं पाटीवर एक शब्द लिहिला, दगड. साधा, बिनकान्याचा, बिनवेलांटीचा. भिंगरी म्हणाली, “घर.” दुसरा लिहिला. भिंगरी म्हणाली, “नळ?” आणि तेव्हा धाकटीच्या ध्यानात आलं, की पोर पाटीकडे बघतच नाहीये. ती काकूच्या ओठांकडे बघतेय. ओठ कसे हलायला लागतात त्यावरून ती पुढचं ओळखू पाहत होती.

धाकटीनं पाटी पुसून टाकली. पोरीच्या तोंडात ते धडे भरले कोणी, हे तिला दुसऱ्या कोणाला विचारायची गरज नव्हती. संध्याकाळी मांडीवर घेऊन उद्याचा धडा लाडानं वाचून दाखवायची ती धाकटी. वर्गात आधी आपण ओळ म्हणायची आणि मग सगळ्या वर्गाकडून एकसुरात म्हणून घ्यायची तीही धाकटीच. चाळीस पोरांच्या गलक्यात एक पोर अक्षरांवाचून नुसत्या कानांवर तरून गेलं होतं. दुसऱ्यांच्या मुलांची खोड चार दिवसांत ओळखणाऱ्या बाईंना मांडीवरचं पोर दिसलं नव्हतं. अक्षरं सुटी सुटी काढली तर निम्मी तिला येत. शेजारी शेजारी आली की सगळी तिच्यापुढे एकमेकांत मिसळून जात. वर्गात अशी मुलं धाकटीनं पुष्कळ पाहिली होती. वेळेवर हाताशी कोणी बसलं तर ती वाचायला लागतात, हेही पाहिलं होतं, आणि वेळ गेली की काय होतं तेही.

त्यातच मोठ्या बाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की दिवाळीच्या सुट्टीनंतर वाचनाचा वेगळा वर्ग सुरू होणार. त्यासाठी खास शिकलेल्या एक बाई येणार होत्या. जिन्याखालची खोली रिकामी केली होती, जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. नियम एकच: आईबापांना समोर बसवून सांगायचं आणि त्यांनी हो म्हणायचं; पाठीमागून कोणाचं मूल तिथं बसवायचं नाही. शनिवारी नावं द्यायची. “पुढच्या वर्षी हा वर्ग असेल की नाही, मलाच माहीत नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या. आणि पुढच्या वर्षी भिंगरी तिसरीत. तिसरीत गणितसुद्धा वाचूनच सोडवायचं असतं. तिथं ओळ आधी म्हणून दाखवायला कोणी नसतं.

धाकटीनं आधी नवऱ्याला सांगितलं. तो पाने आणि पकडी पुसत बसला होता.

“अगं, आपण कशाला वाईटपणा घ्यायचा?” तो म्हणाला. “दुसऱ्या कोणा बाईंना सांगू दे.”

“आणि मग जाऊबाई म्हणतील, एका छपराखाली राहून बाहेरच्याच्या तोंडून सांगवलं.”

“मग तू सांग.”

“मी सांगितलं तर काय म्हणतील, ते तुम्हाला कळतंय ना?”

नवऱ्याला कळत होतं. म्हणूनच त्यानं तोच पाना पुन्हा पुसायला घेतला. “मग राहू दे,” तो म्हणाला. त्याच्या लेखी विषय मिटला.

राहू कसं द्यायचं? दुसऱ्या दिवशी तिनं तिसरीच्या बाईंपाशी विषय काढला. त्या हसत सुटल्या. “अहो, माझ्या वर्गातल्या पाच मुलांचं तुम्ही सांगितलंत, आणि आता तुमच्या घरात तुमचीच जीभ टाळ्याला चिकटली होय?” त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण धाकटीला ते फार लागलं. आजवर बाकावर बसवलेले ते सगळे आईबाप तिच्या डोळ्यांपुढे आले. सांगणं सोपं नसतं हे तिला कळत होतं असं ती समजत आली होती. छे! तिला काही कळत नव्हतं. दार ओढून घेऊन ती सांगायची आणि मग दार उघडून ती माणसं आपल्या घरी जायची. इथं सांगितल्यावर जायचं कुठं? जेवायला पुन्हा त्याच ताटांसमोर बसायचं होतं.

शेवटी एका संध्याकाळी जाऊबाई भाजी चिरत असताना ती त्यांच्यापुढे जाऊन बसली. बाक नव्हता, ओढून घ्यायला दारही नव्हतं. स्वयंपाकघराला नुसती चौकट होती. तरी आपली रीत तिनं सोडली नाही.

“जाऊबाई, भिंगरीची स्मरणशक्ती फार दांडगी आहे. एकदा कानावर पडलं की विसरत नाही.”

“मग! पोर कोणाची आहे?” जाऊबाई खूश.

“पण तिला वाचता येत नाही.”

सुरी थांबली. “कोणाला?”

“भिंगरीला.”

जाऊबाई आधी हसल्या. “आणि परवा पाहुण्यांपुढे आख्खं पान वाचलं ते काय शेजारणीनं?”

“ते पाठ होतं. मीच आदल्या दिवशी म्हणून दाखवलं होतं.”

“म्हणजे तू शिकवलंच नाहीस, असं म्हण ना.”

हे बरोब्बर वर्मी बसलं. “तसं म्हणा हवं तर,” धाकटी म्हणाली. “चूक माझीच झाली. पण आता एक वर्ग निघतोय...” आणि तिनं जिन्याखालच्या खोलीचं सगळं सांगितलं. जाऊबाई ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा एकेक खिडकी लागावी तसा बंद होत गेला.

“ह्यांनी परवाच तिचे डोळे बघितले. दुकानातलं ते कार्ड वाचायला लावलं. सगळ्यात बारीक ओळसुद्धा वाचली तिनं, चुकली नाही.”

“जाऊबाई, ते कार्ड तर दिवसभर कोणी ना कोणी मोठ्यानं वाचत असतं खाली. पोर काउंटरखाली खेळत...”

“सगळं पाठच का गं तिचं? आणि त्या जिन्याखाली बसवायचं, म्हणजे गल्लीभर बोभाटा, चष्मेवाल्याची पोर मंद म्हणून!”

“मंद कोण म्हणतंय?”

“तू म्हणतेयस!” जाऊबाईंनी सुरी आपटली. “स्वतःच्या पोटचं एखादं असतं ना, तर असं तोंड वर करून सांगवलं नसतं तुला. दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, दुसरं काय?”

बोलून गेल्यावर जाऊबाईच क्षणभर गांगरल्या. इतकी वर्षं ते वाक्य घरात कोणी उच्चारलं नव्हतं. पण निघालेला शब्द परत घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. “आजपासून तिला घेऊन बसायचं नाही,” त्या म्हणाल्या. “माझं मी बघते.”

धाकटी उठली. चौकटीत भिंगरी उभी होती. कधीपासून, कोण जाणे. काकूनं तिच्याकडे पाहिलं तशी ती भिंतीला चिकटून जरा बाजूला झाली आणि काकूला जायला वाट करून दिली.

त्यानंतरचे दिवस धाकटीनं कसे काढले, ते तिचं तिलाच माहीत. घर होतं तेवढंच होतं, पण तिला वावरायला जागा उरली नाही. स्वयंपाकघरात जाऊबाई, त्या आल्या की ही बाहेर. जिन्यात भाऊजी भेटत, तोंडभर काहीतरी हवापाण्याचं बोलत आणि नजर चुकवून खाली उतरत. नवरा म्हणे, “मी म्हटलं होतं.” संध्याकाळी पलीकडच्या खोलीत भिंगरी आईपुढे वाचायची. जाऊबाई कपड्यांच्या घड्या करता करता ऐकायच्या. कुठलाही धडा वाच म्हटलं की भिंगरी जुनाच धडा काढायची, आणि जाऊबाईंना कुठला जुना, कुठला नवा, काय फरक! खणखणीत आवाज भिंतीपलीकडून येई. पोर काय करतेय ते एकट्या धाकटीला कळे, आणि ती अंथरुणाची टोकं ओढत बसे.

शाळेत मात्र नवे धडे येतच होते. आणि आपण आधी म्हणून सगळ्यांकडून म्हणवून घ्यायचं हे धाकटीनं आता सोडलं होतं. शहाणपण उशिरा का होईना, आलं होतं. भिंगरी सगळ्यांच्या मागे लपायला लागली. पेन्सिल पाडायची, पाणी प्यायला जायची. एकदा पोटात दुखतं म्हणाली, आणि बहुधा खरंच दुखत असावं. मग एकदा मधल्या सुट्टीत धाकटी नकाशे ठेवायच्या खोलीत गेली, तर ही मागोमाग आत शिरली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

“काकू, उद्याचा धडा एकदा म्हण ना. एकदाच.”

“भिंगरे, असं नाही शिकता येत. मी तुला अक्षरं शिकवते, हळूहळू...”

“नंतर शिकव. उद्या सगळे हसतील. आईपण म्हणाली, आता नवीन धडा वाच. म्हण ना गं! हळू आवाजात म्हण.”

म्हणून दाखवावं, तर पोर आणखी खोल जाणार, सगळे म्हणणार बघा वाचते की. न म्हणावं, तर ती उद्या वर्गात आणि घरात दोन्हीकडे उघडी पडणार, आणि तेही काकूनंच पाडलेली. धाकटी कात्रीत सापडली होती. बाहेर मुलं ओरडत होती. गुंडाळलेले नकाशे कोपऱ्यात उभे होते. शेवटी तिनं पुस्तक उघडलं आणि हळू आवाजात धडा म्हटला. भिंगरी डोळे मिटून ऐकत होती, ओठ हलत होते. एकदा झाल्यावर म्हणाली, “आला.” आणि पळाली. धाकटी तिथंच स्टुलावर बसून रडली. जे करायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, ते तिनं नुकतंच पुन्हा केलं होतं. आणि पोराला सोडवायला हाताशी दुसरं काहीच नाही, या विचारानं तिला स्वतःचा संताप आला.

शनिवारी शाळा लवकर सुटली. मोठ्या बाई फाटकाशीच म्हणाल्या, “तुमच्या वर्गाची नावं संध्याकाळपर्यंत फोनवर सांगा हं.” धाकटी घरी पोचते तोच खालून भाऊजींची हाक आली, “धाकटे, जरा दुकानात ये.”

भाऊजी भांडणाला घाबरणारा माणूस. घरात दोन बायका बोलेनाशा झाल्या म्हणजे त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. तेव्हा सगळं हसतखेळत मिटवावं असा बेत त्यांनी आखला होता. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली, एक शिवणकाम करणारी बाई आणि एक निवृत्त ड्रायव्हर. त्यांना बाजूला बसा म्हटलं तरी त्यांचे कान इकडेच. तपासणीच्या उंच खुर्चीत भिंगरी, पाय लोंबकळत. जाऊबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर हाताची घडी घालून उभ्या.

“हे बघ,” भाऊजी धाकटीला म्हणाले, “शाळेत काही गैरसमज झाला असेल. होतो कधी कधी. इथंच दूध का दूध करून टाकू. भिंगरे, घे.”

त्यांनी तिच्या हातात ते कार्ड दिलं. जवळचं दिसतं का ते बघायचं कार्ड. वर मोठ्या अक्षरात चार ओळी, मग लहान, मग आणखी लहान, अगदी तळाशी मुंगीएवढी. भिंगरीनं वाचलं. माळी सकाळी बागेत पाणी घालतो, इथपासून तळाच्या ओळीपर्यंत, एकही शब्द न चुकता.

“वा!” ड्रायव्हर म्हणाला. “मला तर अर्ध्यानंतर नुसत्या मुंग्या दिसतात.”

भाऊजींनी प्रसन्न होऊन धाकटीकडे पाहिलं. गिऱ्हाइकांपुढे बोलणं धाकटीच्या जिवावर आलं होतं. पण संध्याकाळपर्यंत नावं सांगायची होती.

“भाऊजी,” ती म्हणाली, “मागची बाजू.”

भाऊजींचं हसू जागच्या जागी राहिलं. कारण ही त्यांचीच तऱ्हा होती. काही गिऱ्हाइकांना चष्मा नकोच असे. ती बाकावर बसून दुसऱ्यांचं ऐकून कार्ड पाठ करत आणि खुर्चीत बसल्यावर फडाफडा म्हणून दाखवत. अशा माणसाचा संशय आला की भाऊजी एक शब्द न बोलता कार्ड उलटं करत. मागे वेगळाच मजकूर होता. आयुष्यभरात तो त्यांनी इतक्यांदा ऐकला होता, की त्यांना तो डोळे मिटून येत असे. स्वतःच्या पोरीवर ती तऱ्हा वापरायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आता गिऱ्हाइकं बघत होती. त्यांनी कार्ड उलटं केलं.

भिंगरी कार्डाकडे बघत राहिली. मग तिनं बोट पहिल्या ओळीवर ठेवलं.

“मांजर सकाळी खिडकीत बसते,” ती म्हणाली. “तिला ऊन आवडते. खिडकीतून तिला रस्ता दिसतो.” बोट खाली सरकत होतं. आवाज खणखणीत, पूर्णविरामाला थांबणं जिथल्या तिथं. अक्षरं लहान होत गेली तसा तिनं आवाजही लहान केला, गिऱ्हाइकं करतात तसा, डोळे बारीक करून. तळाच्या ओळीला ती अगदी कुजबुजली, “मग मांजर झोपी जाते.”

“काय डोळे आहेत पोरीचे!” शिवणकामवाली म्हणाली.

मागच्या बाजूला नावाडी होता, होडी होती, पलीकडच्या काठावरची शाळा होती. मांजर कुठं नव्हतं. धाकटीला ते माहीत नव्हतं. ती उभी होती तिथून अक्षरं दिसतही नव्हती. पण भाऊजींचं तोंड तिला दिसत होतं, आणि तेवढं पुरे होतं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. पहिल्याच ओळीला त्यांना कळलं होतं, आणि तळाच्या ओळीपर्यंत ते ऐकत उभे राहिले होते.

“शाब्बास,” भाऊजी म्हणाले. त्यांनी कार्ड घेऊन खणात टाकलं आणि खण लावून टाकला.

“ऐकलंस?” जाऊबाई पायरीवरून म्हणाल्या.

धाकटीनं तोंड उघडलं. जिनं गल्लीतल्या निम्म्या आईबापांना बाकावर बसवून सांगितलं होतं, तिच्या तोंडून आवाज फुटेना. बोलावं तर भाऊजी गिऱ्हाइकांपुढे खोटे पडणार. आणि खोटं त्यांनी कशासाठी केलं, तेही तिला दिसत होतं. त्यांच्या जागी ती असती तर तिनंही शाब्बासच म्हटलं असतं. नकाशांच्या खोलीत तिनं दुसरं काय केलं होतं? आता संपलं, असं तिच्या मनात आलं.

“बाबा,” भिंगरी खुर्चीतून म्हणाली, “तुम्हाला मागचं पाठ आहे ना?”

भाऊजी काच पुसायला लागले होते. “आं?”

“तुम्ही लोकांना मध्येच थांबवता. चुकलं म्हणता. मला का नाही थांबवलंत?”

“तू कुठं चुकलीस?”

“सगळंच चुकलं. मी बनवलं ते.” तिचा आवाज आता अगदी साधा होता, धड्यातला नव्हे. “मला नाही येत वाचायला.”

ड्रायव्हर उठला आणि नंतर येतो असं काहीतरी पुटपुटत बाहेर गेला. शिवणकामवाली फ्रेमांच्या कपाटात तोंड घालून बसली. भाऊजींनी हातातली काच खाली ठेवली. जाऊबाई पायरी उतरून खुर्चीपाशी आल्या. त्यांनी भिंगरीचे गुडघे धरले.

“कधीपासून नाही येत?”

“पहिल्यापासून.”

“आणि मला रोज वाचून दाखवत होतीस ते? अगं, मी आई ना तुझी? मला का नाही सांगितलंस?”

भिंगरीनं काकूकडे पाहिलं, मग आईकडे.

“काकूनं सांगितलं होतं ना तुला,” ती म्हणाली. “तर तू तिच्याशी बोलायचंच बंद केलंस.”

जाऊबाईंचे हात तिच्या गुडघ्यांवर तसेच राहिले. मग भाऊजींनी घसा खाकरला.

“तो वर्ग,” ते म्हणाले. “त्यासाठी शाळेत कोणाला भेटावं लागतं?”

“वर्गाच्या बाईंना,” धाकटी म्हणाली. “म्हणजे मलाच.”

“मी येईन,” जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी धाकटीकडे पाहिलं नाही. त्या पोरीकडेच बघत होत्या, आणि पोर खुर्चीतून उतरायला पाय पुरतात का ते चाचपत होती.